पर्णाच्छादनाखालचा शोध

वाराणसीहून गंगा ओलांडून आग्नेयेकडे निघाले म्हणजे चकियापर्यंत भातखाचरांचा सपाट मुलूख लागतो. त्यापुढे विंध्याचा कडा उभा राहतो आणि चंद्रप्रभा व नौगढ यांच्या परिसरातील अरण्याला सुरुवात होते. १९९७ साली चंदौली हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी हा सारा प्रदेश वाराणसी जिल्ह्यातच मोडत असे. येथील वन पानझडीचे आहे. मोह, तेंदू, साग, बहावा हे तेथील ओळखीचे वृक्ष. फाल्गुन-चैत्रात या वनावरून विमान गेले तर निष्पर्ण फांद्यांच्या जाळीतून खालची वाळलेली पाने, दगड आणि पाऊलवाटाही दिसतात. तेच विमान श्रावणात गेले तर खाली एकसंध हिरवी चादर पसरलेली दिसते आणि तिच्याखाली काय आहे याचा मागमूसही लागत नाही.

अशा छत्राखाली काय काय दडू शकते याचा एक नमुना याच वनाने दाखवला आहे. १९५७ साली चंद्रप्रभा अभयारण्यात गीरमधून आणलेले तीन सिंह सोडण्यात आले. काही वर्षांत त्यांची संख्या वाढली आणि १९६५ नंतर ते दिसेनासे झाले. सिंहांचे काय झाले हा प्रश्न प्राणिशास्त्राचा आहे. तो येथे सोडवावयाचा नाही. आपल्यापुढचा प्रश्न अधिक मर्यादित, परंतु प्रसंगी अधिक निकडीचा आहे. एखादे विमान किंवा हेलिकॉप्टर अशा छत्राखाली कोसळले आणि आत कोणी जिवंत असण्याची आशा असली, तर आकाशातून ते कसे शोधावे? डोळा आणि छायाचित्रक जेथे थकतात तेथे रडार उपयोगी पडेल काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे सर्रास दिले जाते. रडार ढगांतून पाहते, अंधारात पाहते, म्हणून पानांतूनही पाहत असणार, असा हा तर्क आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग समजून घेणे हाच या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम पानांचा विचार करू. पान प्रकाश अडवते ते ते हिरवे आहे म्हणून नव्हे, तर प्रकाशाच्या तरंगांच्या मानाने ते अवाढव्य आहे म्हणून. प्रकाशाची तरंगलांबी मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तिच्यापुढे तेंदूचे वीतभर पान म्हणजे भिंतच होय. रडारचे तरंग सेंटिमीटरांत मोजले जातात आणि काही रडारांचे तर मीटरांत. वाराणसीच्या घाटावर नावा बांधण्यासाठी पाण्यात रोवलेले बांबू ज्यांनी पाहिले असतील त्यांना यातील भेद सहज उमगेल. वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरी त्या बांबूंवर आपटून विस्कटतात. पण मोठी नौका गेल्यावर येणारी लांब लाट बांबू जणू तेथे नाहीतच अशा रीतीने पुढे येऊन पायऱ्यांना लागते. अडथळ्याच्या आकाराच्या मानाने तरंग लांब असला की अडथळा त्याला फारसा जाणवत नाही. तो आखूड असला की त्याचे चोहोबाजूंना प्रकीर्णन होते.

आकाराच्या जोडीला पाण्याचाही विचार करावा लागतो. कोरडे लाकूड रडारच्या तरंगांना फारसे अडवत नाही. पाण्याची परावैद्युत स्थिरता मात्र ऐंशीच्या घरात असल्याने ओलसर पान किंवा रसाने भरलेली फांदी तरंगांना परतवतेही आणि शोषूनही घेते. म्हणजे वनाचे छत्र रडारच्या दृष्टीने हवेत टांगलेल्या पाण्याचा एक विरळ थर असते. श्रावणातील थर जाड असतो, चैत्रातील पातळ.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास वाराणसीतच झालेला आहे, आणि तो वनात नव्हे तर शेतीच्या वाफ्यांवर! बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या भौतिकी विभागात संशोधकांनी पिकांचे लहान वाफे तयार केले. वाफ्याच्या एका बाजूस तरंग सोडणारा आकाशक व दुसऱ्या बाजूस ते ग्रहण करणारा आकाशक अशी मांडणी करून पीक वाढत असताना प्रकीर्णन कसे बदलते हे त्यांनी निरनिराळ्या कोनांतून मोजले. त्याच वेळी पिकाची उंची, पानांचे क्षेत्रफळ व त्यातील पाण्याचे प्रमाण यांचीही नोंद ठेवली. काम साधे दिसते. परंतु विमानातून येणाऱ्या प्रतिमेचा अर्थ लावावयाचा तर पानाने किती तरंग परतवले आणि मातीने किती, हे अगोदर जमिनीवरच ठरवावे लागते. भेंडीच्या वाफ्याला जे लागू पडते तेच, प्रमाण वाढवून, सागवानालाही लागू पडते.

रडारच्या तरंगांचे पट्टे पूर्वीपासून रोमन अक्षरांनी ओळखले जातात. एक्स पट्ट्याचा तरंग सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचा असतो. सी पट्ट्याचा ५ ते ६, एस पट्ट्याचा ९ ते १०, एल पट्ट्याचा सुमारे २४ आणि पी पट्ट्याचा ७० सेंटिमीटरांच्या आसपास. त्याहून लांब, म्हणजे ३ ते १५ मीटरांचे तरंग वापरणारी रडारेही बांधली गेली आहेत. दाट वनावर सोडलेला एक्स पट्ट्याचा तरंग बहुतांशी शेंड्याच्या पानांवरूनच परततो. एल पट्ट्याचा तरंग पाने व डहाळ्या ओलांडून मोठ्या फांद्यांपर्यंत आणि वन विरळ असेल तर जमिनीपर्यंत पोहोचतो. पी पट्ट्याला खोडे व जमीन दिसू लागते. मीटरांच्या तरंगांना तर फांद्याही नसल्यासारख्याच.

मग सर्वांनी लांब तरंगच का वापरू नयेत? याचे कारण असे की लांब तरंगाची दृष्टी भरड असते. आकाशकातून निघणाऱ्या झोताची रुंदी तरंगलांबीच्या सम प्रमाणात आणि आकाशकाच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. विमानाला २ मीटर लांबीचा आकाशक लावला, आणि पाहावयाची जागा १० किलोमीटर दूर असली, तर ३ सेंटिमीटरांच्या तरंगाचा झोत तेथे १५० मीटर रुंद होतो. १ मीटरच्या तरंगाचा तोच झोत ५ किलोमीटर रुंद होतो! एवढ्या झोतात चंद्रप्रभा अभयारण्याचा मोठा तुकडा एकाच ठिपक्यात मावेल. अशा दृष्टीचा उपयोग काय?

या अडचणीतून वाट काढणारी कल्पना अमेरिकेतील गुडइयर कंपनीत काम करणाऱ्या कार्ल वायली यांना १९५१ साली सुचली. विमान पुढे सरकत असताना प्रत्येक ठिकाणी आलेले प्रतिध्वनी साठवून ठेवावयाचे आणि नंतर ते अशा रीतीने एकत्र करावयाचे की जणू काही विमानाच्या संपूर्ण मार्गाएवढा लांब आकाशक आपल्यापाशी होता. याला संश्लेषित छिद्र रडार म्हणतात. (‘छिद्र’ या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात भोक उभे राहते, येथे मात्र त्याचा अर्थ तरंग आत येण्याची खिडकी एवढाच घ्यावा. याहून बरा शब्द अद्याप रूढ झालेला नाही.) वरचेच उदाहरण पुढे नेऊ. १० किलोमीटर अंतरावरील २ मीटरांचा तपशील दिसावा असे वाटत असेल तर ३ सेंटिमीटरांच्या तरंगाला ७५ मीटरांचे संश्लेषित छिद्र पुरते. सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणारे विमान ते एका सेकंदाच्या आत पार करते. १ मीटरच्या तरंगाला त्यासाठी अडीच किलोमीटरांचे छिद्र लागते, म्हणजे तब्बल २५ सेकंदांचे सरळ, हिशेबी उड्डाण. त्या २५ सेकंदांत विमान किती हेलकावले याची नोंद तरंगलांबीच्या लहानशा अंशाइतकी अचूक ठेवावी लागते. येथे लांब तरंग थोडी सवलत देतो हे खरे. त्याचा अंश सेंटिमीटरांत असतो, आखूड तरंगाचा मिलीमीटरांत.

विमानातील रडारने वनांचा वेध घेण्याचा पहिला फार मोठा उद्योग ब्राझीलमध्ये झाला. १९७१ साली ‘राडाम’ या प्रकल्पाखाली कॅराव्हेल जातीच्या विमानातून ॲमेझॉनच्या खोऱ्याचे रडार-चित्रण करण्यात आले. ढगांखाली कायम दडलेला तो प्रदेश प्रथमच सलग दिसला, आणि नद्या, डोंगर, भूस्तरांच्या भेगा यांचे नकाशे तयार झाले. हे रडार पानांतून आरपार पाहते असा समज तेव्हापासून पसरला. वस्तुतः ते एक्स पट्ट्याचे रडार होते. त्याला दिसले ते वनाचे छप्पर. ते छप्पर जमिनीच्या उंचसखलपणाला धरून असते, म्हणून डोंगर आणि दऱ्या उमटल्या. पलंगपोस ओढलेल्या माणसाचा आकार कळावा, तसे ते होते. पलंगपोसाखाली टाचणी आहे की नाही हे त्यावरून सांगता येत नाही.

लांब तरंगही फसवू शकतो. १९७०-८० च्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे एल पट्ट्याचे रडार ग्वातेमाला व बेलीझ येथील वनांवरून विमानाने नेण्यात आले. प्रतिमांत जाळीसारख्या रेषा उमटल्या. त्या प्राचीन माया लोकांनी खणलेल्या कालव्यांच्या असाव्यात असे प्रतिपादन ॲडम्स, ब्राउन व कल्बर्ट यांनी १९८१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात केले. त्याने मोठी खळबळ उडाली. एवढे कालवे असतील तर एवढे धान्य, आणि एवढे धान्य असेल तर एवढी लोकसंख्या, असे हिशेब सुरू झाले. पुढे इतर अभ्यासकांनी, विशेषतः पोप व डाहलिन यांनी १९८९ साली, यांतील पुष्कळशा रेषा कालव्यांच्या आहेत हे मान्य करण्यास नकार दिला. मायांनी कालवे खणले होते यात वाद नाही. वाद होता तो रडारच्या प्रतिमेतील प्रत्येक रेषेला कालवा म्हणावे काय, हा. पुढील काळात या प्रदेशातील पुरातत्त्वाचे काम लेसर किरणांच्या लायडार या साधनाकडे वळले. लायडार पाने भेदत नाही. पानांमधील फटींतून जे थोडे किरण जमिनीला लागून परततात त्यांवर ते भागवते. अर्थात जेथे फटच नाही तेथे त्याचाही निरुपाय होतो.

रडारच्या फसवणुकीचे सर्वांत मोठे कारण स्वतः झाड हेच आहे. उभे खोड आणि आडवी जमीन यांचा काटकोन होतो. त्या कोनात शिरलेला तरंग दोनदा परावर्तित होऊन आला त्याच दिशेने मागे फिरतो. एखाद्या वाहनाची उभी बाजू आणि जमीन यांचाही नेमका असाच काटकोन असतो. मग प्रतिमेतील तेजस्वी ठिपका मोटारीचा की जुन्या सागवानाचा? स्वीडनमधील संरक्षण संशोधकांनी ‘काराबास’ नावाचे, २० ते ९० मेगाहर्ट्झ कंप्रतेचे, म्हणजे सुमारे ३ ते १५ मीटर तरंगलांबीचे विमानी रडार बांधले. त्यांना या प्रश्नाशी पदोपदी झुंजावे लागले. त्यांनी काढलेला तोडगा मोठा समंजस होता. एकाच जागेवरून दोनदा उड्डाण करावयाचे आणि दोन्ही प्रतिमांची वजाबाकी करावयाची. झाडे जागच्या जागी राहतात, म्हणून ती पुसली जातात. जे नवे आले किंवा हलले तेवढेच उरते. २००२ साली उत्तर स्वीडनमधील वनात २५ लष्करी वाहने निरनिराळ्या प्रकारे लपवून ही पद्धत पारखण्यात आली, आणि त्या प्रतिमा पुढे जगभरच्या अभ्यासकांना वापरावयास दिल्या गेल्या.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पानांखालची वस्तू आणि मातीखालची वस्तू हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये नौगढच्या याच वनात सुरुंगाचा स्फोट घडवून पोलीस व पीएसीच्या जवानांचे प्राण घेण्यात आले. अशा सुरुंगांचा शोध विमानातील रडारने लागला असता काय, असे कोणी विचारील. ओल्या मातीत या तरंगांची शक्ती फार थोड्या अंतरात संपते. त्यासाठी जमिनीला जवळजवळ टेकवून नेण्याची वेगळी साधने लागतात. विमानातील रडारकडून ती अपेक्षा करू नये.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे हरवलेल्या विमानांकडे वळू. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत असे तीन प्रसंग घडले की ज्यांकडे साऱ्या देशाचे लक्ष लागून राहिले.

२ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या अरण्यात बेपत्ता झाले. नल्लमलाचे वन चंद्रप्रभेसारखेच पानझडीचे, आणि सप्टेंबर म्हणजे भर पावसाळ्यातील ओल्या पानांचा काळ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोडलेला रिसॅट-२ हा रडार-उपग्रह कामास लावण्यात आला. त्याचे रडार एक्स पट्ट्याचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष सापडले ते शोधास निघालेल्या हेलिकॉप्टरांतील माणसांना, रुद्रकोंडा टेकडीवर. ३० एप्रिल २०११ रोजी अरुणाचल प्रदेशाचे मुख्यमंत्री दोरजी खांडू यांचे हेलिकॉप्टर तवांगहून निघाल्यावर नाहीसे झाले. उपग्रहांच्या प्रतिमा तपासल्या गेल्या. पण ४ मे रोजी लुगुथांगजवळ अवशेष गाठले ते स्थानिक गावकऱ्यांनी, पायी.

तिसरा प्रसंग अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे. ३ जून २०१९ रोजी दुपारी वायुदलाचे एएन-३२ विमान १३ जणांना घेऊन जोरहाटहून मेचुकाकडे निघाले आणि अर्ध्या तासाच्या सुमारास त्याचा संपर्क तुटला. शोधात हेलिकॉप्टरे, सुखोई-३० विमाने आणि इस्रोचे रिसॅट उपग्रह उतरले. नौदलाचे पी-८आय हे टेहळणी विमान तामिळनाडूतील अरक्कोणम येथून मागवण्यात आले. त्याच्यातील रडार समुद्रावरची जहाजे व पाण्याबाहेर डोकावणाऱ्या पाणबुडीच्या परिदर्शिका टिपण्यासाठी बनवलेले, अर्थात आखूड तरंगांचे. पाऊस, ढग, खोल दऱ्या आणि दाट वन असे सारे एकवटलेले. आठव्या दिवशी, ११ जूनला, लिपो गावाच्या उत्तरेस १६ किलोमीटरवर, सुमारे १२,००० फूट उंचीच्या डोंगरउतारावर एका एमआय-१७ हेलिकॉप्टरला अवशेष दिसले. उतारामुळे तेथे उतरता येईना. माणसे पायी पोहोचवावी लागली. १३ जणांपैकी कोणीही वाचलेले नव्हते.

लांब तरंगांचे रडार हाताशी असते तर हा शोध लवकर लागला असता काय? प्रथमदर्शनी उत्तर ‘होय’ असे वाटते, परंतु तसे निश्चयाने म्हणता येणार नाही. लष्करी वाहन ही एक अखंड, अनेक मीटर लांबीची वस्तू असते. डोंगरावर आदळलेले विमान बहुधा अखंड राहत नाही. हातभर लांबीच्या पत्र्याच्या तुकड्याला ३ मीटरांचा तरंग जवळजवळ ओळखतच नाही, कारण जो नियम पानांना अदृश्य करतो तोच नियम लहान तुकड्यालाही अदृश्य करतो. याशिवाय तीव्र उताराच्या डोंगरात रडारची छाया पडते. कड्यामागील भाग प्रतिमेत निव्वळ काळा राहतो, मग तरंग कोणताही असो.

एएन-३२ च्या ठिकाणी वरून डोळ्यांना जाणवत होते ते मोडलेल्या व जळालेल्या झाडांच्या पट्ट्यासह. कोसळणारी वस्तू छत्राखाली जाताना छत्रच फाडून जाते. म्हणजे शोधावयाचे ते वनाखाली दडलेले धातूचे तुकडे नव्हेत. वनाच्या छपराला पडलेले भगदाड होय. आणि छप्पर पाहण्याचे काम तर आखूड तरंगच उत्तम करतात! त्यासाठी मात्र त्याच जागेची, त्याच कोनातून घेतलेली, अपघातापूर्वीची प्रतिमा संग्रही असली पाहिजे. स्वीडनच्या वजाबाकीची रीत येथे लागू पडते. अपघात घडल्यावर धावपळ करून घेतलेल्या एकट्या प्रतिमेत असली नवी जखम डोंगरातील शेकडो नैसर्गिक दरडींत व मोकळ्या जागांत हरवून जाते. माझ्या मते या तिन्ही शोधांतील खरी उणीव तरंगलांबीची जितकी होती तितकीच या ‘आदल्या’ प्रतिमेची होती.

या दृष्टीने अलीकडच्या दोन घटना महत्त्वाच्या आहेत. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचा ‘बायोमास’ हा उपग्रह पी पट्ट्याचे रडार घेऊन वर गेला. त्याच वर्षी ३० जुलै रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा इस्रो व नासा यांचा संयुक्त उपग्रह सोडण्यात आला. निसारवर एल व एस अशा दोन पट्ट्यांची रडारे आहेत. त्याआधी याच दोन पट्ट्यांचे एक विमानी रडार इस्रोने अहमदाबादच्या केंद्रात तयार करून निरनिराळ्या प्रदेशांवरून उडवले होते. उपग्रहाची रंगीत तालीमच ती. निसार दर १२ दिवसांनी त्याच जागेवर त्याच मार्गाने येतो. त्याला एकटे विमान दिसावे एवढा बारीक तपशील टिपण्याची त्याची घडण नाही. पण देशातील प्रत्येक वनाची ‘आदली’ प्रतिमा त्यामुळे साठत जाईल.

राहिला प्रश्न चंद्रप्रभेचा. एखाद्या वनाचे छत्र कोणत्या तरंगाला किती अडवते हे ठरवण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे, आणि ती मुळीच खर्चाची नाही. पत्र्याचे तीन त्रिकोणी तुकडे परस्परांशी काटकोनात जोडले की खोलीच्या कोपऱ्यासारखा एक परावर्तक तयार होतो. तो कोणत्याही बाजूने आलेला तरंग आला तसा परत पाठवतो. असा एक परावर्तक मोकळ्या माळावर ठेवावयाचा आणि तसाच दुसरा मोहा-तेंदूच्या छायेत. वरून विमान नेले म्हणजे दोहोंच्या प्रतिध्वनींतील फरक हाच त्या वनाचा अडसर. हे मोजमाप चैत्रात एकदा आणि श्रावणात एकदा करावे लागते. शिवाय आडव्या ध्रुवणाने आणि उभ्या ध्रुवणाने निरनिराळे करावे लागते, कारण उभी खोडे उभ्या ध्रुवणाच्या तरंगाला अधिक अडवतात. परावर्तकाभोवतालच्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर टेप लावून मोजावयाचा, उंची नोंदवावयाची आणि जमिनीच्या ओलाव्याचा नमुना डबीत भरून ठेवावयाचा. हे काम विमानातून होत नाही. त्यासाठी वनरक्षकाला त्या दिवशी सकाळी वनात चालत जावे लागते.